रॉक क्रीकची चाकोरी

पहिला दिवस

आई आणि आप्पा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ओमाहाला आले, तेव्हा त्यांना काय दाखवायचे याची यादी आम्ही नवरा-बायकोने आधीच करून ठेवली होती. त्या यादीत नायगारा होता, न्यूयॉर्क होते, शिकागो होते. आप्पांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "हे सगळं बघू. पण तुम्ही राहता त्या मुलखात काय आहे, ते आधी दाखवा." आप्पा तीस वर्षे माण आणि खटाव तालुक्यांतल्या गावांत तलाठी होते. नव्या गावाला बदली झाली की पहिल्या आठवड्यात ते शिवार पायी फिरत आणि मग दप्तर उघडत. ती सवय त्यांनी इथेही सोडली नव्हती. म्हणून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मुलाच्या शाळेतून दोन दिवसांची रजा मागून, आम्ही पाच जण नेब्रास्काच्या आग्नेय कोपऱ्यातल्या रॉक क्रीक स्टेशन या लहानशा उद्यानाकडे निघालो. ऑरेगन ट्रेल, म्हणजे एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे स्थलांतर करणाऱ्यांची गाडीवाट, तिच्यावरचा हा एक जुना मुक्काम. तिथे जायला आम्ही पंचवीस फुटी आरव्ही भाड्याने घेतली होती.

आरव्ही म्हणजे चाकांवरचे घर हे आईला सांगून पटत नव्हते. आत शिरल्यावर मात्र तिने पहिल्यांदा गॅसची शेगडी पेटवून पाहिली, मग फ्रीज उघडला, मग चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावर अंथरलेला बिछाना दाबून पाहिला आणि "बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायचं म्हणतात ते हेच," असे म्हणून आपल्या डब्यांना जागा शोधायला लागली. आमच्या या प्रवासाला तिचे हे एक वाक्य शेवटपर्यंत पुरले. आम्ही ज्यांच्या वाटेवर चाललो होतो, त्यांचेही बिऱ्हाड गाडीतच होते.

ओमाहा ते लिंकन हा आंतरराज्यीय महामार्ग सरळ आणि रुक्ष आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. लिंकनहून दक्षिणेकडे वळून बिअॅट्रिस गाठले आणि तिथून पश्चिमेला फेअरबरीचा रस्ता धरला, तसा मुलूख बदलला. दोन्ही बाजूंना मका वाळून पिवळा पडला होता, सोयाबीनची पाने गळायला आली होती आणि जमीन, जी लांबून सपाट वाटते, ती प्रत्यक्षात समुद्राच्या संथ लाटांसारखी वर-खाली होत होती. फेअरबरीच्या अलीकडे डांबर संपून खडीचा रस्ता लागला. प्रत्येक मैलावर काटकोनात दुसरा रस्ता छेदून जात होता. आप्पांनी दोन-तीन चौक मोजले आणि विचारले, "हे आखून दिलेलं दिसतंय. गट पाडलेत का?" त्यांचा अंदाज बरोबर होता. अमेरिकेच्या या भागाची मोजणी वस्ती होण्याआधीच एक मैल लांब, एक मैल रुंद अशा चौकोनांत झाली. अशा एका चौकोनात ६४० एकर आणि त्याच्या चतकोरात १६० एकर. रस्ते पुढे त्याच रेषांवरून गेले.

पोहोचेपर्यंत साडेचार वाजले. उद्यानाची तळाची जागा एका उतारावर, झाडांच्या आडोशाला आहे. गुरुवार असल्यामुळे आमच्याशिवाय दोनच गाड्या होत्या आणि त्याही दूर उभ्या होत्या. प्रत्येक जागेवर विजेचा खांब, सिमेंटचे मेज, चूल पेटवायला लोखंडी कडे. गाडी लावण्यापेक्षा ती सपाटीवर आणणे हे आरव्हीतले खरे काम, कारण अशा गाडीतला गॅसवर चालणारा फ्रीज कललेला राहिला तर त्यातल्या द्रवाचे अभिसरण थांबते आणि तो थंड करेनासा होतो. आमच्या गाडीबरोबर पाणसळ दिलेली नव्हती. आप्पांनी स्टीलची ताटली मागितली, तीत बोटभर पाणी ओतले, ओट्यावर ठेवली आणि पाणी ज्या कडेला चढले त्याच बाजूच्या चाकाखाली माझ्या नवऱ्याला फळ्या सरकवायला सांगितल्या. तीन खेपांत पाणी ताटलीच्या काठाला सगळीकडे सारखे लागले. मग मुलाने चारही चाकांना उट्या लावल्या, आम्ही विजेची जाड तार खांबाला जोडली आणि घर उभे राहिले.

पाण्याच्या बाबतीत मात्र आमची पंचाईत झाली. गाडी ताब्यात देताना पाण्याची टाकी भरलेली आहे असे आम्हांला सांगण्यात आले होते आणि आम्ही ते मापकावर पाहून घेतले नव्हते. आईने भांडी घासायला घेतल्यावर दहा मिनिटांत पंप कोरडा फिरू लागला. शेवटी बाप-लेकांनी नळावरून पाण्याचे कॅन भरून आणले आणि पाच-सहा खेपा करून कामापुरती टाकी भरली. पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे, की ताबा घेताना पाणी, गॅस आणि सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या यांचे मापक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत.

संध्याकाळी साडेसातच्या आत सूर्य मावळला. वारा पडला. पिठलं-भात खाऊन बाहेर बसलो, तेव्हा झाडीपलीकडून कायोटींची कोल्हेकुई सुरू झाली. आधी एक, मग तिला उत्तर देणारी दुसरी, आणि मग एकदम सगळ्यांचा गलका. आई दचकली नाही. म्हसवडच्या माळावर तिने लहानपणी हाच आवाज ऐकला होता, फक्त तिथले कोल्हे थोडे खालच्या पट्टीत ओरडत, असे तिचे म्हणणे पडले.

दुसरा दिवस

सकाळी माहिती केंद्र उघडायच्या आधीच आम्ही पायवाटेने निघालो. या दिवसाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ज्यासाठी आलो ते इथे होते.

गवतातून थोडे चालल्यावर उजव्या हाताला जमीन खचल्यासारखी दिसली. रुंद, उथळ नाल्यासारखा एक खड्डा टेकडीच्या अंगावरून तिरका खाली ओढ्याकडे उतरत होता. त्याच्या शेजारी दुसरा, पलीकडे तिसरा. तळाला गवत उगवलेले, कडा पावसाने गोलसर झालेल्या. मुलाने विचारले, "इथून पाणी वाहत होतं का?" आप्पा खाली उतरले. कडा त्यांच्या कमरेला लागत होती. त्यांनी दोन्ही हात पसरून रुंदी अजमावली आणि म्हणाले, "नाही रे, पाणी असं तिरकं जात नाही. पाणी सरळ उताराला जातं. ही चाकोरी आहे."

चाकोरी हा शब्द आपण आता 'चाकोरीबाहेरचा विचार' अशा प्रयोगातच वापरतो. चाकाने पाडलेली खोल रेघ हा त्याचा मूळ अर्थ माझ्या पिढीच्या कानांवरून उतरलाच होता. तो मला आठ हजार मैलांवर, नेब्रास्कातल्या एका गवताळ उतारावर परत मिळाला. १८४० नंतरच्या तीनेक दशकांत मिझुरी नदीकाठच्या गावांतून निघून ऑरेगन, कॅलिफोर्निया आणि यूटाकडे सुमारे तीन ते चार लाख माणसे गेली. ऑरेगनपर्यंतची वाट जवळजवळ दोन हजार मैलांची. उघड्या माळावर गाड्या एकामागून एक जात नसत, कारण पुढच्या गाडीची धूळ मागच्याच्या नाकातोंडात जाई, म्हणून त्या आडव्या पसरून चालत आणि तिथे खुणाही पुसट राहिल्या. पण ओढा आला की सगळ्यांना एकाच उतारावर यावे लागे. रॉक क्रीकचे काठ उभे आहेत आणि उतार ठरावीक जागीच मिळतो. त्यामुळे हजारो लोखंडी धावांनी इथली माती एकाच जागी भुसभुशीत केली, ती पावसाने वाहून गेली, पुन्हा चाके, पुन्हा पाऊस. कोणी खणलेले नाही, कोणी बांधलेले नाही, आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ नांगर न लागल्यामुळे ते जसेच्या तसे राहिले आहे. अवतीभवतीच्या शेतांतून हीच वाट गेलेली होती, तिथे मक्याखाली ती केव्हाच नाहीशी झाली.

माहिती केंद्राच्या पुढे एक कापडी छताची गाडी उभी आहे. आप्पांचे निम्मे बालपण बैलगाडीत गेले असल्याने ते तिच्याभोवती बराच वेळ फिरले. आरे मोजले, तुंबा पाहिला, धावेचा सांधा बोटाने चाचपला. आपली गाडी दोन चाकांची, ही चारांची, आणि पुढची चाके मागच्यांपेक्षा लहान. का, हे त्यांनीच सांगितले: लहान चाक वळताना गाडीच्या साटीखाली जाऊ शकते, मोठे असते तर तिथे अडकले असते. साटी म्हणजे जेमतेम चार फूट रुंद आणि दहा फूट लांब पेटी. तीत पीठ, खारवलेले डुकराचे मांस, घमेली, बियाणे, अंथरुणे, एखादा आरसा किंवा कपाट. माणसे त्यात बसत नसत. आजारी, अगदी लहान किंवा बाळंतीण असेल तिलाच गाडीत जागा, बाकीचे सगळे बैलांच्या शेजारून पायी. दिवसाला बारा-पंधरा मैल. ओमाहाहून आम्ही तीन तासांत जे अंतर आलो, त्याला त्यांना आठ-दहा दिवस लागले असते. आईने त्या पेटीत डोकावून पाहिले आणि विचारले, "बायका स्वयंपाक कशावर करायच्या? इथे तर लाकूड नाही." तिने नेमकी अडचण ओळखली होती. पुढे प्लॅट नदीच्या खोऱ्यात झाडे संपत, तेव्हा वाळलेले बायसनचे शेण जाळत. गोवऱ्या थापणाऱ्या आणि चूल फुंकणाऱ्या आईला यात नवल वाटले नाही, उलट त्या अनोळखी बायकांबद्दल तिला एकदम जवळीक वाटली, हे तिच्या चेहऱ्यावर दिसले.

ओढ्यावर लाकडी पूल आहे, तो मूळचा नाही, नव्याने उभारलेला आहे. मूळ पूल होण्यापूर्वी गाड्या दोरांनी ओढ्यात उतरवाव्या लागत आणि पलीकडे वर ओढून घ्याव्या लागत. १८५७ मध्ये पश्चिम काठावर एकाने दुकान आणि तबेला थाटला. १८५९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा डेव्हिड मॅककॅनलेस सोन्याच्या ओढीने कोलोरॅडोकडे निघाला होता, वाटेत रिकाम्या हाताने परतणारी माणसे त्याला भेटली आणि त्याने इथेच थांबून ते ठाणे विकत घेतले. पूल बांधून त्यावर त्याने टोल बसवला. गाडीवरचे ओझे आणि मालकाची ऐपत पाहून दहा ते पन्नास सेंट. रांगेत उभ्या असलेल्या तहानलेल्या जनावरांकडे पाहिले तर कोणीही ते पैसे दिले असते. पूर्वेच्या काठावर त्याने विहीर खणून दुसरे घर बांधले, आणि १८६० मध्ये पोनी एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हा तिच्या कंपनीने ते घर ठाण्यासाठी घेतले.

पोनी एक्सप्रेस म्हणजे घोडेस्वारांची डाक. ३ एप्रिल १८६० रोजी मिझुरीतल्या सेंट जोसेफहून पहिला स्वार निघाला. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपर्यंत सुमारे एकोणीसशे मैल, आणि ते अंतर दहा दिवसांत. दर दहा-पंधरा मैलांवर ताजा घोडा तयार. पत्रे खोगिरावर टाकायच्या चामड्याच्या आच्छादनाच्या चार खिशांत असत. घोडा बदलताना स्वार फक्त ते आच्छादन उचलून दुसऱ्या घोड्यावर टाकी आणि निघून जाई. अर्ध्या औंसाच्या पत्राला सुरुवातीला पाच डॉलर पडत, म्हणजे ती गरिबांची डाक नव्हती. १८६१ च्या ऑक्टोबरात तारायंत्राच्या तारा देशाच्या दोन्ही टोकांना जोडल्या गेल्या आणि अठरा महिन्यांतच ही डाक बंद पडली. आमच्या मुलाला यातली घोडा बदलण्याची युक्ती इतकी आवडली, की दुपारभर तो पाठपिशवी एका मेजावरून दुसऱ्या मेजावर टाकत धावत होता.

रॉक क्रीकचे नाव अमेरिकेत ज्यामुळे माहीत आहे ती घटना १२ जुलै १८६१ ची. कंपनीकडून घराच्या किमतीचा हप्ता थकला होता. ठाण्याचा कारभारी वेलमन पैशांसाठी ब्राउनव्हिलला जाऊन हात हलवत परत आला होता. त्या दिवशी मॅककॅनलेस आपल्या बारा वर्षांच्या मुलाला, मन्रोला, आणि दोन माणसांना घेऊन जाब विचारायला आला. घरात कारभारी होता आणि तबेल्यावर काम करणारा चोवीस वर्षांचा जेम्स हिकॉक होता. आतून गोळी सुटली, मॅककॅनलेस मेला, बरोबरचे दोघेही मारले गेले, मुलगा ओढ्याच्या काठाने पळाला म्हणून वाचला. बिअॅट्रिसच्या न्यायालयात स्वसंरक्षणाचा मुद्दा मान्य होऊन आरोपी सुटले आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्या मन्रोची साक्ष घेतलीच गेली नाही. १८६७ मध्ये एका मोठ्या मासिकाने हीच गोष्ट 'वाइल्ड बिल' हिकॉकने एकट्याने दहा गुंड लोळवले अशी छापली आणि तो देशभर वीर झाला.

पुन्हा उभारलेल्या त्या घराच्या ओसरीत उभी राहून मी पलीकडे ओढ्याच्या झाडीकडे पाहत होते. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. मासिकाने ज्यांना गुंड म्हटले त्यांतला एक जण बाप होता, आणि त्याचा लेक या अंगणातून त्या झाडीकडे धावला होता. अंतर फार नाही. मी ते मनाशी मोजले आणि मग अधिक वेळ तिथे थांबवले नाही.

तिसरा दिवस

रात्री पाऊस झाला. आरव्हीच्या पत्र्यावर पावसाचा आवाज घरातल्या छपरापेक्षा मोठा येतो, त्यामुळे सगळेच लवकर जागे झालो. खडीचे रस्ते निथळेपर्यंत वाट पाहिली आणि दहा वाजता फेअरबरीच्या उत्तरेला एका शेतातल्या कबरीवर गेलो.

जॉर्ज विन्स्लो हा मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूटनचा तरुण. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्यासाठी त्याने मित्रांबरोबर मंडळी बांधली आणि ८ जून रोजी इथे पटकीने गेला. पटकी ही त्या वाटेवरची सगळ्यांत मोठी मारेकरी. बहुतेक मेलेल्यांना वाटेतच पुरत आणि कोल्ह्या-लांडग्यांनी उकरू नये म्हणून वरून गाड्या नेत, त्यामुळे त्यांच्या जागा कुणालाच माहीत नाहीत. विन्स्लोच्या सोबत्यांनी मात्र थांबून वालुकाश्माची शिळा घडवली, तीवर नाव, गाव आणि वय कोरले: पंचवीस. पुढे १९१२ मध्ये कबरीवर स्मारक उभारले, तेव्हा ती मूळ शिळा त्यातच बसवली गेली. मैलोन्मैल चालायचे असताना, मागे रोग आणि पुढे पर्वतांतला बर्फ असताना, त्या मुलांनी छिन्नी हातात घेऊन एक एक अक्षर कोरले याचे मला फार वाटले. आईने शिळेशेजारच्या गवतातली दोन रानटी सूर्यफुले तोडली आणि तिथे ठेवली.

दुपारी कॅन्ससच्या हद्दीत जाऊन हॉलेनबर्गचे ठाणे पाहिले. पोनी एक्सप्रेसच्या ठाण्यांपैकी मूळ जागी, मूळ रूपात टिकलेले म्हणून ते ओळखले जाते. लांबट, बसकी लाकडी इमारत. रॉक क्रीकला सगळे नव्याने उभारलेले पाहिल्यावर इथल्या जुन्या लाकडावर हात ठेवावासा वाटतो, पण वेळ थोडा होता आणि आभाळ पुन्हा भरून येत होते, म्हणून लवकर परतलो.

परतल्यावर ऊन पडले आणि तासाभरासाठी सगळे गवत पेटल्यासारखे लाल झाले. बिग ब्लूस्टेम हे इथले मुख्य गवत. उन्हाळ्यात ते निळसर हिरवे असते, सप्टेंबरात तांब्याच्या रंगाला येते. चांगल्या जमिनीत ते माणसाच्या डोक्यावर जाते आणि मुळे त्याहून खोल. कणसाला कोंबडीच्या पायासारखे तीन फाटे. आप्पांनी एक काडी मोडून दातांत धरली, चावली आणि म्हणाले, "ही ज्वारीच्या कुळातली असणार, गोडी आहे." खरेच तसे आहे. ज्वारी, ऊस, आपले मारवेल गवत आणि हे ब्लूस्टेम वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने सगेसोयरे आहेत. उत्तर अमेरिकेत अशा उंच गवताची सुमारे सतरा कोटी एकर जमीन होती. आज तिच्यातली चार टक्केही उरलेली नाही, बाकी नांगराखाली गेली. आणि ते गवत आपोआप टिकत नाही. अधूनमधून जाळले नाही तर त्यात झाडे-झुडपे घुसतात, म्हणून राखणदार ठरवून, वाऱ्याची दिशा पाहून ते पेटवतात. पूर्वी हे काम वीज करीत असे आणि इथले मूळ रहिवासीही करीत.

त्या रात्री गॅसवर भाकऱ्या झाल्या, आणि मग आप्पांनी आपली वही काढली. ते रोज लिहितात. त्यांनी मला विचारले, "इथली जमीन आधी कोणाची होती? म्हणजे टोलवाल्याच्या आधी." मला जे माहीत होते ते मी सांगितले. हा मुलूख पॉनी आणि ओटो-मिझुरिया लोकांचा. 'नेब्रास्का' हे नावच ओटो भाषेतले आहे, त्याचा अर्थ सपाट पाणी, म्हणजे प्लॅट नदी. १८५४ च्या करारात ओटो-मिझुरियांनी आपली बहुतेक जमीन सोडून दिली आणि इथून जवळच, बिग ब्लू नदीच्या काठावर, त्यांना राखीव जागा देण्यात आली. तीही तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, आणि १८८१ मध्ये त्यांना दक्षिणेला आजच्या ओक्लाहोमात नेण्यात आले. आज त्यांचे ठाणे रेड रॉक नावाच्या गावी आहे.

आप्पा काही वेळ लिहीत राहिले. नंतर त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. त्यांनी रॉक क्रीकचा सातबारा मांडला होता. चतुःसीमा: मधून ओढा, पूर्वेला आणि पश्चिमेला खडीचे रस्ते. खाली एकाखाली एक फेरफार: करार, ठाणे, टोल, डाक, मग शेतकरी, मग राज्य सरकार. भोगवटादार म्हणून नेब्रास्का राज्याचे नाव. आणि 'इतर हक्क' या रकान्यात, कंस न करता, मोठ्या अक्षरांत ओटो-मिझुरिया. मी विचारले, "आता त्यांचा काय हक्क राहिला, आप्पा?" ते म्हणाले, "हक्क राहिला की नाही ते कोर्ट ठरवील. नोंद खोडायची नसते. नोंद खोडली की पुढच्या माणसाला काहीच कळत नाही."

बाहेर आकाशगंगा इतकी स्पष्ट होती, की मुलाने आधी तिला ढग समजले.

चौथा दिवस

निघण्याआधीचे काम कोणाला आवडत नाही, पण ते नीट केल्याशिवाय पुढच्या माणसाला जागा स्वच्छ मिळत नाही. सांडपाणी सोडण्याच्या ठिकाणी गाडी लावून हातमोजे घालायचे, जाड नळी घट्ट बसवायची आणि आधी मैल्याची टाकी, मग भांडी-आंघोळीच्या पाण्याची टाकी सोडायची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. पंधरा मिनिटांचे काम. तेवढ्यात आईने गाडीची फरशी झाडून कुसळे गोळा केली आणि ती पिशवीत न टाकता उद्यानाच्या गवतातच परत फेकली. तिच्या स्वेटरच्या बाह्यांवर उरलेली ती वाटेत उपटत बसली.

बिअॅट्रिसच्या पश्चिमेला चार मैलांवर होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. तिथे मुक्कामाची सोय नाही, म्हणून परतीच्या वाटेवर ते ठेवले होते. २० मे १८६२ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कोणालाही, किरकोळ फी भरून, १६० एकर जमिनीवर दावा सांगता येई. अट एवढीच, की तिथे घर बांधायचे, पाच वर्षे राहायचे आणि जमीन कसायची. बाईलाही दावा सांगता येई. जो अजून नागरिक नाही, पण नागरिक होण्याचा इरादा ज्याने लिहून दिला आहे, त्यालाही. ही शेवटची ओळ मी भिंतीवर वाचली आणि थांबले. नागरिकत्वाचा अर्ज भरून वर्षभर वाट पाहिलेली मी, त्या स्वीडिश आणि चेक शेतकऱ्यांच्या बाजूला उभी होते. आणि त्यांना मिळालेली जमीन कुणाच्या हातून निघाली होती, ते आदल्या रात्री वहीत लिहिलेले होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या आणि मला त्यांतली एकही बाजूला सारता आली नाही.

पहिल्या दावेदारांपैकी एक डॅनिएल फ्रीमन. १ जानेवारी १८६३ ला, कायदा अमलात आला त्या मध्यरात्रीनंतर लगेच, त्याने ब्राउनव्हिलच्या कचेरीत नाव नोंदवले असे सांगतात. त्याची जमीन म्हणजेच हे उद्यान, आणि त्याची कबरही इथेच आहे. बाहेर ज्या तीस राज्यांत या कायद्याखाली जमीन दिली गेली, त्यांच्या आकाराचे धातूचे पत्रे ओळीने उभे आहेत आणि प्रत्येकात दिलेल्या जमिनीच्या प्रमाणात एक चौकोनी भोक पाडले आहे. नेब्रास्काचे भोक एवढे मोठे आहे, की जवळजवळ जेवढा पत्रा तेवढेच आकाश दिसते. एकूण सत्तावीस कोटी एकर, देशाच्या जमिनीचा दहावा भाग. जवळच पामर-एपर्ड कुटुंबांचे १८६७ चे ओंडक्यांचे घर आहे, चौदा फूट बाय सोळा फूट. तेवढ्यात पामर नवरा-बायको आणि त्यांची दहा मुले राहत. आईने दारातून आत पाहिले, माळा पाहिला, चूल पाहिली, आणि आमच्या गाडीकडे एकदा वळून पाहिले.

आप्पांना सगळ्यांत जास्त रमवले ते वाहनतळाने. तो मुद्दाम बरोबर एक एकराचा आखलेला आहे, म्हणजे एकर किती असतो हे लोकांना पायांनी कळावे. तिथल्या कर्मचाऱ्याने हे सांगताच आप्पांनी चपला घट्ट केल्या आणि नातवाला बरोबर घेतले. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी बांधांवर पडलेले ते पाऊल, अडीच फुटांचे, मोजून टाकलेले, आता डांबरावर पडू लागले. मुलगा मराठीत आकडे म्हणत होता, एकोणसत्तरला अडखळला, आप्पा थांबले, त्याने बोटांवर जमवले, पुन्हा निघाले. लांबी झाली, वळले, रुंदी झाली. मग वहीत गुणाकार झाला.

"चाळीस गुंठे," आप्पा म्हणाले. "मोजणी बरोबर आहे."

मुलाने विचारले, की मग एकशे साठ एकर किती. आप्पांनी त्याला वाहनतळाच्या कडेला नेले आणि समोरच्या तांबूस गवताकडे बोट दाखवून, कुठपर्यंत ते सांगू लागले. मी गाडी सुरू केली नाही. त्यांचे बोट अजून पुढेच सरकत होते.